म्युझिक व्हिडिओचा पहिला कट झालाय, पण मजा येत नाहीये. कुठून सुरुवात करू?

रीळवेडी:
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण फिल्ममेकिंग शिकतोय आणि सत्राच्या प्रकल्पासाठी म्युझिक व्हिडिओ करतोय. गाणं वर्गातल्याच मुलांच्या बँडचं, चाल आणि शब्द त्यांचेच, त्यामुळे हक्कांची भानगड नाही. लांबी बरोब्बर चार मिनिटं, लय ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ ठोके), ठेका आठ मात्रांचा. व्हिडिओत दोन गोष्टी समांतर चालतात. एका खोलीत राहणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एक खोली सोडून चाललीय. ती सामान बांधतेय आणि दुसरी मदत न करता नुसती बघत बसलीय. आणि दुसरीकडे एका रिकाम्या हॉलमध्ये बँड गातोय.

मुख्य कॅमेरा मिररलेस, २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम), लॉगमध्ये (म्हणजे रंग नंतर चढवता यावेत म्हणून मुद्दाम फिकं). दुसरा कॅमेरा म्हणजे फोन. हॉलमधले काही शॉट स्लो मोशनसाठी ५० एफपीएसवर घेतलेत.

पहिल्या कटमध्ये १९०च्या आसपास कट आहेत आणि सगळे ठेक्यावर बसवलेत. तरी दीड मिनिटानंतर आम्हालाच कंटाळा येतो. मार्गदर्शकांनी बघून एवढंच सांगितलं, "बघायचं कुणाकडे ते कळत नाही." शिवाय शेवटाकडे गायकाचे ओठ गाण्याशी जुळत नाहीत आणि फोनचे शॉट दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखे दिसतात. एखाद-दोन शॉट परत घेता येतील, सगळं शूट नाही. लिंक मागाल त्याला विपूतून (विचारपुशीतून) देते.

शंकासुर:
चार मिनिटांत १९० कट? म्हणजे सरासरी सव्वा सेकंदाला एक. पापणी लवायला तरी उसंत ठेवा की.

टाइमलाइनवाला:
लिंक पाठवा. ओठांचं दुखणं एक नसून दोन-तीन वेगवेगळी असणार असा अंदाज आहे, पण बघितल्याशिवाय बोलत नाही.

जुना संकलक:
बघितला. आधी आवाज बंद करून, मग आवाजासकट. हा क्रम मुद्दाम. आवाज चालू असला की ठेका सगळं झाकून नेतो, कुठलाही कट बरोबरच वाटतो. आवाज बंद करून बघितलं तेव्हा मला शेवटपर्यंत कळलं नाही की दोघींपैकी जाणारी कोणती. दोघी सारख्याच अंतरावरून घेतलेल्या शॉटमध्ये, सारख्याच वेळ, आलटून पालटून. तुमचे सर म्हणाले ते हेच.

आता एक विचारतो. १:४२ला एक शॉट आहे. भिंतीवरचं पोस्टर काढल्यावर मागे फिकट चौकोन राहिलाय आणि ती मुलगी कोपऱ्यातला सेलोटेप नखाने खरवडतेय. कटमध्ये तो जेमतेम २० फ्रेम टिकतो. मूळ टेक केवढा आहे?

रीळवेडी:
मूळ टेक १४ सेकंदांचा आहे. ती टेप खरवडते, बोटांत चोळून त्याची गोळी करते, फेकायला हात उचलते, आणि मग तीच गोळी परत भिंतीला चिकटवते. हे पटकथेत नव्हतं, तिने आपणहून केलं. पण ठेक्यावर बसत नव्हतं आणि मध्ये कॅमेरा थोडा हललाय, म्हणून फक्त खरवडण्याचा तुकडा घेतला.

जुना संकलक:
अगं, तुझा व्हिडिओ तिथे आहे! जी फेकता फेकता परत चिकटवते ती जाणारी, आणि तिला जायचं नाहीये. बाकी सगळे खोके, चादरी, दोऱ्या मिळून जे सांगत नाहीत ते या १४ सेकंदांत आहे. कॅमेरा हलला तर हलू दे. पहिलं काम: हा शॉट अख्खा लाव आणि बाकीचा व्हिडिओ त्याच्याभोवती परत रच.

मात्रा:
मी वाजवणारा माणूस, एडिटिंगमधलं फार कळत नाही, तरी बोलतो. तुम्ही मात्रेला नाहीतर दोन मात्रांना कट मारलाय. मग समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) काय उरतं? तबलजी आवर्तनभर प्रत्येक मात्रेवर तितक्याच जोराने थाप मारत बसला तर सम आलेली कळणारच नाही. कटचंही तेच होतंय.

९६ बीपीएम म्हणजे एक मात्रा ०.६२५ सेकंदाची, आठ मात्रांचं आवर्तन ५ सेकंदांचं, अख्खं गाणं ४८ आवर्तनांचं. मी ऐकून मोजलं ते असं: सुरुवातीचे सूर ४ आवर्तनं, मुखडा ८, पहिला अंतरा ८, परत मुखडा ४, मग नुसत्या वाद्यांचा तुकडा ४, दुसरा अंतरा ८, मुखडा ८, आणि विरत जाणारा शेवट ४. आता तुमच्या कटांची गर्दी कुठे आहे बघा. सगळीकडे सारखी! मुखडा परत येतो तेव्हा ऐकणाऱ्याला ओळखीचं काही भेटल्याचा आनंद होतो. तो चित्रात कुठेच नाही.

वाद्यांचा तुकडा २:०० ते २:२०. तिथे शब्द नाहीत, म्हणजे डोळे मोकळे आहेत. ती टेपची गोळी तिथे ठेवून बघा ना.

टाइमलाइनवाला:
मात्रांच्या गणिताला जोडून एक. २५ एफपीएसवर ०.६२५ सेकंद म्हणजे १५.६२५ फ्रेम. पूर्ण आकडा नाही. तुम्ही बहुतेक एक मात्रा म्हणजे १६ फ्रेम धरून तुकडे एकामागे एक लावलेत. आठ मात्रांच्या १२५ फ्रेम व्हायला हव्यात, तुमच्या १२८ होतात. दर आवर्तनाला ३ फ्रेम मागे. मग कुठेतरी डोळ्यांनी खुपलं की तुम्ही एखादा तुकडा कापून परत जुळवता. टाइमलाइनवर तशा जागा मला स्पष्ट दिसतायत. शॉटची लांबी मोजायचीच नाही. गाणं चालू ठेवून मार्करच्या कळीवर ठेका धरा, आवाजाच्या वेव्हफॉर्मवर (आलेखावर) बघून मार्कर नीट बसवा, आणि कट त्या मार्करला लावा.

आणखी एक सवय लावून घ्या: कट ठोक्याच्या बरोब्बर फ्रेमवर न ठेवता एक-दोन फ्रेम आधी. नवं चित्र डोळ्यांत उतरायला क्षणभर लागतो. बरोब्बर ठोक्यावर मारलेला कट बऱ्याचदा उशिरा आल्यासारखा वाटतो.

शंकासुर:
इथे सगळे "कमी कापा" म्हणतायत. पण हा म्युझिक व्हिडिओ आहे हो, कथापट नाही. लय हीच तर मुख्य गोष्ट. वेगवान कटिंगचे उत्तम व्हिडिओ ढिगाने आहेत.

जुना संकलक:
आहेत, आणि त्यांत वेगवान भाग उठून दिसतो कारण आजूबाजूला थांबलेले भाग असतात. हॉलिवूडचे संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष सांगून त्यांना टक्के दिलेत: भावना ५१, कथा २३, लय १०, मग प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते ७, पडद्याची सपाट मांडणी ५, जागेचं भान ४. म्युझिक व्हिडिओत लयीला १०च्या जागी २५ दे, माझी हरकत नाही. पण इथे लयीला ९० दिलेत आणि नजरेला शून्य. १:१०च्या आसपास बघ: गायक पडद्याच्या डाव्या कडेला, लगेच मुलीचा हात उजव्या खालच्या कोपऱ्यात, लगेच ड्रम मधोमध. नजर तिकडे पोचेपर्यंत शॉट संपलेला. झटपट कट मारायचे तर पुढच्या शॉटमधली महत्त्वाची गोष्ट तिथेच असू दे जिथे आधीच्या शॉटने नजर सोडली. मग पाव-पाव सेकंदाचे शॉटही खपतात.

शंकासुर:
नजरेचा मुद्दा पटला. लयीला निदान ३० द्या मग.

रीळवेडी:
सगळ्यांचे आभार. मार्कर नव्याने टाकून दुसरा कट केलाय. काका (म्हटलं तर चालेल ना?), तुमचं ऐकून आधी टेपचा शॉट २:०० वर ठेवला आणि मग दोन्ही बाजूंना रचत गेलो. पहिला अंतरा अख्खा खोलीत ठेवला, बँड तिथे नाहीच. पहिला मुखडा बँडचा. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र दोन्हीकडे ये-जा, आणि शेवटच्या मुखड्यात कट वाढवत नेलेत. एकूण ११०च्या आसपास उरले. बघत बसणाऱ्या मैत्रिणीचे शॉट निम्म्याने कमी केले आणि ती नेहमी दारापासून, लांबूनच दिसते. जाणारी जवळून.

आता लुक लावायला घेऊ का? एक टील-ऑरेंजचा लट (तयार रंगांची फाइल) मिळालाय, छान दिसतोय.

जुना संकलक:
काका चालेल. लट नाही चालणार. चित्र लॉक झाल्याशिवाय (म्हणजे सगळे कट पक्के झाल्याशिवाय) रंगाला हात लावू नकोस. रंग चढवला की आपण शॉटच्या प्रेमात पडतो, आणि मग काढायला हवा तो शॉट निघत नाही. आधी ओठ.

टाइमलाइनवाला:
ओठांची तीन दुखणी, प्रत्येकाचं औषध वेगळं.

फोनचे शॉट सुरुवातीला जुळतात आणि टेकच्या शेवटी घसरतात, बरोबर? फोन फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाही. ३०वर लावलेला असला तरी उजेड कमी-जास्त झाला की आतल्या आत बदलतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते नीट झेपत नाही. मूळ फाइल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेमरेटवर काढून घ्या आणि टाइमलाइनमध्ये तीच बदला. ३०चं २५ होताना दर सहा फ्रेममधली एक गळेल, म्हणून फोनचे पॅन किंचित अडखळतील. स्थिर शॉटना काही होणार नाही.

दुसरं, हॉलच्या टोकाकडून घेतलेला लांबचा शॉट. तिथे ओठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच मागे आहेत. शूटच्या वेळी स्पीकर कुठे होता आणि गायक कुठे?

रीळवेडी:
स्पीकर कॅमेऱ्याजवळ होता. गायक हॉलच्या दुसऱ्या टोकाला, वीसेक मीटरवर.

टाइमलाइनवाला:
मग झालं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, २० मीटरला ५८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे गायकाला गाणंच दीड फ्रेम उशिरा ऐकू येत होतं आणि तो इमानदारीत त्याच्याबरोबर गात होता. दीड फ्रेमने काय बिघडतं असं वाटेल, पण आपल्याला आवाज आधी आलेला चटकन खटकतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) बीटी.१३५९ या शिफारशीत हे आकडे आहेत: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की लक्षात येऊ लागतं, मागे मात्र १२५पर्यंत चालून जातो. निसर्गात आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो, कान त्यालाच सरावलेले. म्हणून हा शॉट टाइमलाइनवर २ फ्रेम आधी, म्हणजे डावीकडे ओढा. आवाज २२ मिलिसेकंद मागे पडेल, कुणाच्या बापाला कळणार नाही. पुढच्या वेळी स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशी ठेवा.

तिसरं ५० एफपीएसचं. गाणं नेहमीच्या वेगात लावून ५०वर शूट केलंत आणि २५च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने लावलंत, तर ओठ निम्म्या वेगानेच हलणार. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं, आणि गायकाने तसं गायची तालीम करावी लागते.

रीळवेडी:
म्हणजे ते सगळे शॉट वाया?

टाइमलाइनवाला:
नाही हो. दोन वाटा आहेत. ज्यात तोंड दिसत नाही (तारांवरची बोटं, पाठमोरा गायक, ड्रमवरची धूळ) ते स्लोमध्ये ठेवा. ज्यात तोंड दिसतं ते १०० टक्के वेगाने चालवा, एकाआड एक फ्रेम गळेल आणि ओठ जुळतील. फक्त शटर १/१०० असणार (प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या शंभराव्या भागापुरताच उजेड घेते), त्यामुळे हालचाल जराशी तुटक, टोकदार दिसेल. शेवटच्या मुखड्यात ते शोभूनही दिसेल बहुतेक.

मात्रा:
ड्रमवरची धूळ स्लोमध्ये, वाद्यांच्या तुकड्याला! नाही, थांबा, तिथे टेपचा शॉट आहे. राहू द्या. शेवटाला लावा.

रीळवेडी:
शेवटाला लावली. फारच सुंदर दिसतेय.

एक नवी अडचण. बँडवाल्यांनी गाण्याचा अंतिम मास्टर दिलाय. आम्ही आतापर्यंत चॅटवरून आलेल्या एमपीथ्रीवर कट केला होता. मास्टर लावला तर सगळंच सरकलं.

टाइमलाइनवाला:
मास्टरच्या सुरुवातीला थोडी जास्त शांतता ठेवलेली असणार, आणि एमपीथ्री स्वतःही सुरुवातीला थोडी रिकामी जागा घालते. लय बदललेली नसेल तर सोपं आहे. जुना आणि नवा ट्रॅक एकाखाली एक ठेवा, पहिल्या ठोक्याची कड झूम करून जुळवा. मग एकाची फेज उलटी करा (म्हणजे आवाजाची लाट वरची खाली करा) आणि दोन्ही एकत्र वाजवा. मिक्स वेगळं असल्यामुळे पूर्ण शांतता होणार नाही, पण नेमके जुळले की आवाज एकदम दबतो, पोकळ होतो. सगळ्यात जास्त दबतो ती जागा बरोबर. गाण्याच्या शेवटाकडेही तपासा. तिथेही तितकाच दबला तर लय बदललेली नाही. आणि वेव्ह फाइलच मागा, ४८ किलोहर्ट्झची.

पडद्यामागे:
कट चालू असताना गाणं बदलणं हा प्रत्येक विद्यार्थी प्रकल्पातला पाहुणा आहे, न बोलावता येतो. वाखू (वाचनखूण) साठवलीय, पुढच्या सत्रात लागणार.

जुना संकलक:
चित्र लॉक करायच्या आधी आणखी एक कर. ज्यांना तुमच्या प्रकल्पाबद्दल काही माहीत नाही अशा दोघा-तिघांना दाखव. "कसं वाटलं" विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात. विचार, "कोण जातंय? दुसरी का उठत नाही?" बघताना पडद्याकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ. कोणत्या जागी माणूस खुर्चीत हलतो, फोनकडे हात जातो, ते टिपून ठेव. पडद्याच्या कोपऱ्यात टाइमकोड (मिनिट-सेकंदांचा आकडा) छापून घे म्हणजे टिपणं सोपं.

रीळवेडी:
केलं. आणि गंमत झाली. तिघांनीही सांगितलं की जाणारी ती पोस्टरवाली. पण तिघांचंही लक्ष त्याच जागी उडालं, साधारण २:२५ ते २:४०. टेपच्या शॉटनंतर लगेच आम्ही परत सामान बांधणं दाखवलंय, खोक्यांचे चार शॉट. मला ते आवडतात, उजेड फार छान मिळाला होता.

जुना संकलक:
उजेड छान मिळाला म्हणून ठेवलेला शॉट मी शंभर पावलांवरून ओळखतो. गोळी चिकटवून झाल्यावर खोक्यांकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. काढ. तिथे दारातली मैत्रीण आण, पहिल्यांदाच जवळून. तसा शॉट आहे?

रीळवेडी:
आहे, पण त्यात पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. फोनवर घेतलेला, दाराजवळच्या दिव्याच्या उजेडात.

टाइमलाइनवाला:
शटर १/६० असणार. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/६०ला हिशोब जुळत नाही, म्हणून पट्टे. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत पट्टे घालवणारा डीफ्लिकर आहे, पण चेहऱ्यावर तो मऊपणा आणतो. हा शॉट परत घ्या. मिररलेसवर, २५ एफपीएस, शटर १/५०.

रीळवेडी:
परत घेतला. तिला काहीच करू नकोस असं सांगितलं होतं. तिने फक्त चौकटीवरचा हात काढला. आता व्हिडिओत ती जवळून दिसणारी ही एकच जागा आहे, ८ सेकंद, दुसऱ्या अंतऱ्याच्या सुरुवातीला. चित्र लॉक! आता तरी रंग?

रंगारी:
आता माझी पाळी. लट शेवटी, आधी नाही. तुझ्याकडे लॉगमधलं फिकं चित्र आहे आणि फोनचं आधीच रंगवलेलं, शार्पन केलेलं. दोघांवर एकच लट टाकला तर लॉगवर तो कमी पडतो आणि फोनवर जास्त होतो. फोनचे शॉट परके वाटतात ते यामुळेच.

क्रम असा ठेव. लॉगचे शॉट कॅमेरा कंपनीने दिलेल्या रूपांतराने रेक. ७०९मध्ये (नेहमीच्या एचडी पडद्यांच्या रंगमानकात) आण. मग प्रत्येक जागेतला एक चांगला शॉट निवड, त्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स नीट कर, आणि बाकीचे त्याच्याशी जुळव. डोळ्यांवर विसंबू नकोस, ते पाच मिनिटांत सवयीचे होतात. वेव्हफॉर्म (इथे चित्रातल्या उजेडाचा आलेख) बघ. चेहऱ्यासाठी व्हेक्टरस्कोपवरची (रंगांच्या गोल आलेखावरची) त्वचेची रेषा बघ; गोरी असो वा सावळी, त्वचेची छटा साधारण त्याच रेषेजवळ पडते, फरक उजळपणाचा आणि गडदपणाचा असतो. फोनचं शार्पनिंग काढता येत नाही, पण किंचित ब्लर आणि वर सगळ्या व्हिडिओवर सारखा बारीक ग्रेन (फिल्मसारखे दाणे) दिलास की दोन्ही कॅमेरे शेजारी बसतात.

आणि फोनच्या एका शॉटमध्ये व्हाइट बॅलन्स शॉटच्या मध्येच बदललाय, भिंत पिवळसर होत जाते. तिथे की-फ्रेम (बदल कुठे सुरू आणि कुठे संपतो त्या खुणा) घालून हळूहळू उलटा बदल दे.

रीळवेडी:
रंगारीदादा, जुळवणं झालं. लट लावला तर तो फिकट चौकोनच दिसेनासा होतो. सावल्यांत टील घुसतं आणि भिंत एकसारखी होते.

रंगारी:
मग लटला राम राम कर. तो चौकोन आणि भिंत यांच्यातला फरक हाच त्या खोलीचा लुक आहे. भिंतीचा मधला टोन थोडा खाली घे, चौकोन तसाच ठेव. खोली कोमट, हॉल थंड, एवढा फरक पुरे. निर्यात आठ बिटची असेल तर भिंतीवर पायऱ्या दिसू शकतात, कारण आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पातळ्या असतात, दहा बिटमध्ये १०२४. ग्रेन तिथेही वाचवेल.

शंकासुर:
दुसरा कट बघितला आणि एक शंका. अगदी सुरुवातीला पॅकिंग टेप ओढल्याचा "चर्रर्र" आवाज ठेवलाय आणि गाणं त्याच्यावर सुरू होतं. म्युझिक व्हिडिओत असा खोलीतला आवाज कशाला? गाण्याचा मान गाण्याला.

मात्रा:
मला तर तो फार आवडला. पहिल्या ठोक्याला उठाण दिल्यासारखा आहे. फक्त बरोबर आधीच्या मात्रेवर संपू दे, आत्ता जरा लोंबतोय. आणि हा आवाज गाण्याच्या मध्ये कुठेही नको, तिथे शंकासुरांशी सहमत. टेपच्या गोळीच्या शॉटवरही नको. तिथे नखाचा आवाज घालायचा मोह होईल.

रीळवेडी:
झाला होता. काढते.

कडेकडेने:
पहिल्या पोस्टमध्ये "हक्कांची भानगड नाही" असं लिहिलंय म्हणून. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: चाल-शब्दांचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा एक. मुद्रण कुणी केलं, ड्रम कुणी वाजवले, एखादा लूप कुठून घेतला, हे बँडला विचारून घ्या आणि सगळ्यांकडून एका पानावर लिहून घ्या. पडद्यावर दिसणाऱ्यांचंही. आज सगळे मित्र आहेत म्हणून पाच मिनिटांत होईल. लूप कुठल्या लायब्ररीतला असेल तर अपलोड केल्यावर आपोआप दावा लागू शकतो, तेव्हा परवान्याची प्रत जवळ असलेली बरी.

रीळवेडी:
विचारलं, एक शेकर लूप निघाला खरंच. परवाना आहे त्यांच्याकडे, मागवून घेतला.

शीर्षकांचं काय करू? देवनागरी फुटतेय. गाण्याच्या नावातल्या पहिल्या वेलांटीने अक्षराच्या पलीकडे उडी मारलीय आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेत.

टाइमलाइनवाला:
एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा आणि शीर्षक नव्याने टाइप करा. दुसरं काही असेल आणि ऐकत नसेल, तर भांडू नका. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक बनवा, पारदर्शक पीएनजी काढा, टाइमलाइनवर ठेवा. श्रेयनामावलीतली नावं प्रत्येकाला स्वतःची स्वतः तपासायला लावा. आणि पडद्याच्या कडेपासून दहा टक्के आत ठेवा.

निर्यातीचं एकदमच सांगतो. ठेवायची प्रत प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये (कमी दाबलेले, मोठ्या फाइलचे फॉरमॅट), चढवायची प्रत त्यातून एच.२६४ (जास्त दाबलेला, छोट्या फाइलचा). यूट्यूब १०८०पीला २५ एफपीएसवर ८ एमबीपीएस सुचवतं, पण ते परत दाबतंच, म्हणून तुम्ही १६-२०ने द्या. ग्रेन आहे तुमच्याकडे, तो बिटरेट खातो. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. मास्टर फार कोंबलेला असला तरी फायदा नाही, यूट्यूब −१४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास खाली आणतं. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) −१ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. फाइलच्या नावात "फायनल" हा शब्द वापरू नका, तारीख घाला.

पडद्यामागे:
माझ्याकडे "फायनल_खरंच_फायनल" नावाची फाइल आहे, आणि ती फायनल नाही.

रीळवेडी:
मंडळी, झाला. अंतिम प्रत सगळ्यांना विपूतून पाठवलीय. मार्गदर्शकांनी या वेळी काही सांगितलं नाही, त्यांनी २:०० वर थांबवून विचारलं, "हे तिला कुणी सांगितलं होतं?"

जुना संकलक:
बघितला. ३:०० ते ३:४०च्या मुखड्यात अजून दोन-तीन कट जास्त आहेत असं माझं मत आहे, पण ते आता माझं मत. दारातला शॉट झकास. हात काढल्यावर तू लगेच कापलं नाहीस, हे बरं केलंस.

शंकासुर:
मलाही आवडला, नाइलाज आहे. एक शंका: फोनवर बघणाऱ्यांसाठी उभी आवृत्ती काढणार का? ९:१६मध्ये कापला तर तुमचा तो चौकोन अर्धा बाहेर जाईल.

रीळवेडी:
हो, तेच बघत होते. बँडचे शॉट मधोमध आहेत, ते निभतात. खोलीत मात्र एका कडेला ती आणि दुसऱ्या कडेला भिंत, दोन्ही एकत्र मावतच नाहीत.

टाइमलाइनवाला:
अख्खा कापूच नका. शेवटचा मुखडा घ्या, नुसता बँड, आठ आवर्तनं म्हणजे ४० सेकंद. मूळ फुटेज ४के असेल तर उभं कापूनही १०८०च्या रुंदीला पुरेसे पिक्सेल मिळतात: २१६० उंचीतून ९:१६ कापलं तर रुंदी १२१५ येते.

जुना संकलक:
उभ्या चौकटीसाठी वेगळा धागा काढ गं, इथे भरकटेल. आणि ४के आहे का ते आधी सांग.

रीळवेडी:
मिररलेसचं आहे, फोनचं १०८०च. नवा धागा काढते.